उतरता येईल असा गेम

परवा हापिसातल्या मंडळींबरोबर कॉलवर गप्पा चालल्या होत्या आणि कोण काय खेळतं हा विषय निघाला. एकाने नवा कन्सोल घेतलाय. दुसरा रात्री अकरानंतर मित्रांसोबत ऑनलाईन असतो. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "ब्राउजरमध्ये उड्या मारायचे गेम." दोन सेकंद शांतता, आणि मग हशा. "अजून? ते तर आपण शाळेत असताना खेळायचो!"

हो, तेच. डावा बाण, उजवा बाण, उडी मारायचं एक बटण. खाली खड्डे, वर फळ्या, शेवटी एखादा झेंडा किंवा दार. प्लॅटफॉर्म गेम म्हणतात त्यांना. कॉलवर हसून विषय संपला, पण उत्तर द्यायचं राहून गेलं. मी हे गेम जुन्या आठवणींसाठी खेळत नाही. सध्या माझ्याकडे ज्या प्रकारचा वेळ आहे, त्यात दुसरं काही मावत नाही म्हणून खेळतो.

गेले काही महिने मी उमरखेडला घरी आहे आणि काम इथूनच चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उमरखेड म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. कागदोपत्री आम्ही विदर्भातले, पण मोठा दवाखाना म्हटला की गाडी नांदेडकडे वळते. बाबा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाही तिकडेच वळली. ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतरचे महिने म्हणजे माणूस पूर्णवेळ हाताशी हवा. पाणी, औषध, कूस बदलणं, वॉकर, बाथरूम. त्यांना ओरडून हाक मारायला आवडत नाही, म्हणून उशाशी स्टीलचा गिलास आणि चमचा ठेवलाय. टण् टण् झालं की जायचं.

अशा घरात वेळ कमी असतो असं लोकांना वाटतं. उलट आहे. वेळ भरपूर असतो, फक्त सलग नसतो. कधी चार मिनिटं मिळतात, कधी चाळीस. आणि आत्ता सुरू झालेली चार आहेत की चाळीस, हे आधी कळत नाही. खरी अडचण ती.

आधी मी कादंबरी वाचून पाहिली. एकच पान तीनदा वाचलं. मग वेब सिरीज. दर वेळी परत आल्यावर हा नवीन दाढीवाला कोण, इथपासून सुरुवात. आपल्या धंद्यातल्या लोकांना ह्याचं नाव माहीत आहे: काँटेक्स्ट स्विचिंग. अर्धवट लिहिलेल्या फंक्शनवरून उठून कुणाशी पाच मिनिटं बोलून आलं, की पुढची दहा मिनिटं आपण काय करत होतो हे आठवण्यात जातात. डोक्यात रचलेला पत्त्यांचा बंगला परत रचावा लागतो.

प्लॅटफॉर्म गेममध्ये हा बंगला डोक्यात नसतोच, पडद्यावर असतो. खड्डा कुठे आहे ते दिसतंय, मी कुठे उभा आहे तेही दिसतंय. करायचं काय, तर उजवीकडे जायचं. उरलेलं सगळं बोटांत असतं आणि बोटं सहसा विसरत नाहीत. वीस मिनिटांनी परत या, तीन सेकंदांत तुम्ही पुन्हा त्यात असता. इतकं पटकन परत घेणारं दुसरं करमणुकीचं साधन मला तरी सापडलेलं नाही.

गंमत अशी, की तुकड्या-तुकड्यांनी खेळणं आम्हाला उमरखेडात नवीन नाही. आमच्याकडे वीजच तुकड्यांनी यायची!

मारिओचा पहिला मोठा गेम निन्टेन्डोने १९८५ मध्ये काढला. आमच्या गल्लीत तो बऱ्याच वर्षांनी आला, टीव्हीला जोडायच्या नकली डब्यातून. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत खरे गेम पाच-सहा. मारिओमध्ये आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण ३२. आणि कुठेही सेव्ह करायची सोय नाही. म्हणजे सहाव्या वर्ल्डमध्ये असताना लाईन गेली (आमच्याकडे लाईट जात नाही, लाईन जाते) की परत पहिल्यापासून. ह्यावर गल्लीने उपाय काढला होता. पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये छतावरच्या विटांवरून पळत बाहेर जायच्या पाईपच्याही पुढे गेलं, की एक गुप्त खोली लागते. तिथून थेट चौथ्या वर्ल्डला जाता येतं. तिथल्या दुसऱ्या लेव्हलमध्ये लपलेला वेल सापडला, की त्यावरून थेट आठव्याला. जपान्यांनी त्या वाटा कशासाठी ठेवल्या असतील ते असोत. आमच्यासाठी ती भारनियमनावरची तोड होती.

मग सायबर कॅफे आला. २००७ च्या आसपासची गोष्ट. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या छोट्या गावांत दिवसातले कित्येक तास वीज नसायची. बसस्टँडजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये, मी दहा रुपये देऊन अर्धा तास घ्यायचो. ब्रॅड बॉर्न नावाच्या माणसाने २००६ मध्ये काढलेला 'फॅन्सी पँट्स' तिथेच पहिल्यांदा पाहिला. केशरी पँट घातलेला काडीचा माणूस, वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखा, पण काय पळायचा! वीज गेली की यूपीएस पीं पीं करायला लागायचा आणि कॅफेवाला ओरडायचा, "चला, आवरा!" त्या पीं पींत शेवटची एक लेव्हल उरकण्याचं जे कसब आलं, ते आजही प्रॉडक्शनला काही आग लागली की उपयोगी पडतं. :-)

तेव्हाचे हे गेम फ्लॅशवर चालायचे. जे गेम प्रगती जतन करत, त्यांची छोटी फाईल त्याच कॉम्प्युटरवर पडायची. म्हणजे माझी प्रगती माझी नव्हती, तीन नंबरच्या मशीनची होती. तीन नंबरवर कुणी बसलं असेल तर बाहेर टपरीवर थांबायचं. एकदा कॅफेवाल्याने सगळ्या मशीन फॉरमॅट केल्या आणि आम्हा चार-पाच पोरांचा संसार एका दुपारीत वाहून गेला.

पुढे फ्लॅशच गेलं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश चालवणंच बंद केलं. पण त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काईव्हने जुने फ्लॅश गेम आणि कार्टून साठवून ब्राउजरमध्येच चालवायची सोय केली होती, रफल नावाच्या एम्युलेटरवर. त्यामुळे त्या काळातलं बरंच काही आजही एका टॅबमध्ये उघडतं.

आजचे ब्राउजर गेम आपली प्रगती बहुतेक वेळा लोकल स्टोरेजमध्ये ठेवतात. म्हणजे प्रकार तोच: त्या मशीनवर, त्या ब्राउजरमध्ये. फक्त तीन नंबरची मशीन आता आपल्याच खिशात असते. मात्र ते कधी लिहून ठेवायचं ह्यात खरी कारागिरी आहे. टॅब बंद होताना सेव्ह करू असं ठरवलं तर फोनवर फसगत होते, कारण फोनचा ब्राउजर मागे गेलेला टॅब न सांगता मारून टाकू शकतो. चांगले गेम म्हणून प्रत्येक टप्प्यावर गुपचूप लिहून ठेवतात. दुसरी गोष्ट: टॅब नजरेआड झाला की ब्राउजर चित्र रंगवणं थांबवतो. गेम नीट लिहिलेला असेल तर तो तिथेच गोठतो आणि परत आल्यावर तिथूनच चालतो. नीट लिहिलेला नसेल तर परत आल्यावर त्याला वाटतं, एकाच फ्रेममध्ये सहा मिनिटं उलटली, आणि आपला हिरो जमिनीतून आरपार पाताळात! खेळणारा मध्येच उठून जाणार आहे हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं का, ते इथे लगेच कळतं.

उठून जाणं जाऊ दे, नेट जाणं गृहीत धरून बनवलेला एक गेम तर सगळ्यांनी खेळलाय. क्रोममध्ये नेट नसताना दिसणारा तो डायनासोर. स्पेसबार दाबला की पळायला लागतो, निवडुंग आला की उडी. सप्टेंबर २०१४ मध्ये तो आला. २०१८ मध्ये गुगलनेच सांगितलं होतं की तो महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जातो, आणि खेळणारे जास्त करून भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले, जिथे नेट बेभरवशाचं किंवा महाग. म्हणजे आमच्यासारखेच. न मरता खेळत राहिलं तर तो १ कोटी ७० लाख वर्षं पुरेल असा हिशेब बनवणाऱ्यांनी ठेवलाय म्हणे. माझा डाव दीड मिनिटात आटोपतो.

आता मुद्द्यावर येतो. 'छोटा गेम' म्हणताना आपण किती मिनिटांचा हे मोजतो. मला वाटतं मोजायचं ते हे नाहीच. उतरता कुठे येतं, ते मोजायचं.

उमरखेडहून नांदेडला जाणारी साधी एसटी घ्या. हदगावला थांबते, अर्धापूरला थांबते, मध्ये फाट्या-फाट्यावर थांबते. प्रवास लांबचा आहे, पण कुठेही उतरता येतं. लेव्हलचे गेम असे असतात. डायनासोरच्या गाडीला थांबे नाहीत, पण ती दोन मिनिटांत आपणच कलंडते, त्यामुळे तीही चालते. ऑनलाईन मॅचची गाडी मात्र विनाथांबा. एकदा बसलात की अर्धा तास दार उघडत नाही. आणि हल्लीचे 'रोज या, नाहीतर तुमची साखळी तुटेल' वाले गेम म्हणजे उतरताना जास्त पैसे मागणारा कंडक्टर. पाच मिनिटांचेच असतात, पण उतरू देत नाहीत.

हे मला नुसतं विचार करून सुचलेलं नाही. एका दुपारी मी कॅमेरा चालू असलेल्या मीटिंगमध्ये होतो. दादा-वहिनी शेतात. पुतण्या, नववीतला, शेजारच्या खोलीत फोनवर. आबांकडे लक्ष ठेवायची पाळी त्याची. टण् टण् झालं. मी ऐकलं, त्यानेही ऐकलं. पुन्हा टण् टण्. तिकडून आवाज, "आबा, दोन मिनिटं!" मग गिलासाचा आवाज थांबला. तो थांबला म्हणून मी उठलो. जाऊन पाहतो तर बाबा एकटेच उठायला लागले होते. एक हात खाटेवर, दुसरा हात हवेत वॉकर शोधतोय, आणि वॉकर दोन हात लांब भिंतीला टेकलेला. मी काखेत हात घालून सावरलं. ते नुसतं म्हणाले, "पोट्टा खेळून राहिला, म्हटलं कशाला उठवा."

पुतण्या दारात उभा होता, पांढराफटक. फोन अजून हातात. "काका, चौघं होतो. मी सोडलं असतं तर तिघं हरले असते."

पोरगं वाईट नाही हो. बाबांचे पाय चेपायला सगळ्यात आधी तोच बसतो. पण त्या दोन मिनिटांत गेमने त्याला पेचात टाकलं होतं: एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला तीन मित्र. मध्ये सोडून जाणारा तिथे गुन्हेगार ठरतो. मित्रांच्या शिव्या खायच्या, वर गेमही शिक्षा देतो. चौदा वर्षांच्या मुलाला असा पेच पडावा, हे कुणीतरी एसी ऑफिसमध्ये बसून डिझाईन केलेलं आहे. आपल्यासारख्याच कुणीतरी. ह्या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

रागावून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला माझ्या लॅपटॉपवर 'सेलेस्ट' उघडून दिला. २०१८ चा मोठा, गाजलेला नव्हे, त्याचा मूळचा छोटा अवतार, जो मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत बनवला होता. तो ब्राउजरमध्ये फुकट खेळता येतो. एक मुलगी डोंगर चढतेय. उडी मारायची, आणि हवेत एकदाच झेप घेता येते. एकूण ३० पडदे, एकेक पडदा म्हणजे १०० मीटर. प्रत्येक पडदा जमला तर दहा सेकंदांचा, नाही जमला तर अर्ध्या तासाचा. पण मेलं की डोळ्याचं पातं लवेपर्यंत तुम्ही त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत उभे. 'गेम ओव्हर' नाही, तीन जीव नाहीत, टोमणे नाहीत.

पहिल्या संध्याकाळी तो बहुधा शंभरेक वेळा मेला. तिसऱ्या दिवशी चमच्याचा आवाज आला तेव्हा मी मुद्दाम जागचा हललो नाही. त्याने एंटर दाबलं, पॉजचा मेनू आला, लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि गेला. बाबांना बाथरूमला नेऊन, परत झोपवून, पाणी देऊन सात-आठ मिनिटांनी आला. मुलगी तिथेच उभी होती.

त्याने ऑनलाईन मॅच सोडल्या का? नाही. आणि सोडाव्यात असं माझं म्हणणंही नाही, दोस्त तिथेच भेटतात. पण घरात आता एक नियम झालाय आणि तो त्यानेच काढलाय: आबांच्या ड्युटीवर असताना थांबवता येणारा गेमच खेळायचा. रविवारी ड्युटी माझी, तेव्हा त्याची मॅच.

अशा गेमचं आणखी एक मला आवडतं, ते कोड वाचणाऱ्यालाच दिसतं. काठावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा साधारण दहावा भाग, म्हणजे पाच-सहा फ्रेम, गेम तुमची उडी मान्य करतो. 'कायोटी टाईम' म्हणतात त्याला, रोड रनरच्या कार्टूनमधल्या त्या कायोटीवरून, जो कड्यापलीकडे पळत जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही. तसंच जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी मारतो. खेळणाऱ्याला ह्यातलं काही कळत नाही, त्याला वाटतं आपल्याला छान जमतंय. माणसाचा हात थोडा उशिरा पडणार, थोडा लवकर पडणार, हे कुणीतरी आधीच धरून चाललेलं असतं. मध्येच कुणीतरी बोलावणार, हेही धरून चालणं ह्याच्या पुढची पायरी.

तुम्हीही विकांताला असा काही शोधणार असाल, तर माझी परीक्षा सांगतो. गेम उघडल्यापासून पहिल्या उडीपर्यंत किती वेळ लागतो ते पाहा. दहा सेकंदांच्या वर जात असेल तर सोडा. आवाज बंद करून खेळता यायला हवा, कारण कान दुसरीकडे असतात. दोन मिनिटं खेळून टॅब सरळ बंद करा आणि परत उघडा: तुम्ही कुठे आहात? आणि मेल्यापासून परत उभं राहीपर्यंत किती वेळ जातो? तिथे जाहिरात दिसली तर रामराम.

'एकच लेव्हल' म्हणत दहा मिनिटांची चाळीस होतात, हेही खरं. त्यावर माझा एक साधा नियम आहे: मेल्यावर उठायचं नाही, झेंडा गाठल्यावर उठायचं. मेल्यावर उठलेला माणूस डोक्यात तो खड्डा घेऊन फिरतो आणि सूड घ्यायला परत येतो. झेंड्यावर उठलेला मोकळा असतो. अर्थात गिलास वाजला की कुठूनही उठायचं, तिथे नियम-बियम नाही.

बाबा आता बरे आहेत. फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलंय, थोडं थोडं चाला, दमायच्या आधी बसा. दारापासून गेटपर्यंतचं अंगण एका दमात पार करणं त्यांना अजून जमत नाही. म्हणून दादाने मध्ये तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्यात: एक ओट्याखाली, एक तुळशीपाशी, एक गेटजवळ. बाबा वॉकर घेऊन एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीपर्यंत जातात, बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी कापसाच्या भावावर बोलतात, आणि मन झालं की पुढे निघतात. पुतण्या शेजारून चालतो, हात न लावता. पुढच्या आठवड्यात तुळशीजवळची खुर्ची काढून टाका म्हणतात बाबा. आम्ही म्हटलं, राहू द्या, लागली तर असावी.